पाने पडनात की पानी पडना

दिवालीबाईला सरळ प्रश्न विचारावा आणि सरळ उत्तर मिळावं, असं माझ्या आठवणीत कधी झालेलं नाही. "अक्का, चहा घेणार का?" म्हटलं तरी ती म्हणते, "तुले कराना शे का नही, ते सांग." त्यामुळे धावड्याच्या झाडाला खाच कधी मारायची, हा प्रश्न तिला विचारणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. यंदा मात्र सगळा पाडा तो प्रश्न विचारत होता, आणि अमळनेरहून बस, जीप आणि शेवटी पायी असं करत जाऊन मीसुद्धा.

माझं काम डिंकापुरतं. हिवाळ्यात मी डिंकाचे लाडू करून देते, जास्त करून बाळंतिणींसाठी. बाजारातल्या डिंकात बाभळीचा, सालईचा, आणखी कशाकशाचा मिसळलेला असतो. तुपात टाकला की अर्धा फुलतो, अर्धा दाताला चिकटतो. म्हणून मी उन्हाळ्यातच चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी दिवालीबाईच्या पाड्यावर जाऊन धावड्याचा डिंक आणते आणि डब्यात भरून ठेवते. बरीच वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत दिवालीबाईने मला "ये, बस" असं म्हटल्याचं आठवत नाही. "उनी का?" म्हणते, आणि खाट झटकते.

बुटकी बाई. चष्म्याची एक काडी गेलेली, तिथे दोरा बांधलेला. नवरा गेल्यापासून घर तीच चालवते. मुलगा रोहिदास आहे, सून सरिता आहे, पण विळा कुठे टांगायचा हेसुद्धा तीच ठरवते. आणि चिडते. सकाळी कोंबडीवर चिडते, दुपारी उन्हावर, संध्याकाळी रोहिदासच्या मोबाईलवर.

धावड्याचं असं असतं, की माघात त्याची पानं तांबडी होतात आणि होळीच्या सुमाराला झाड पुरतं उघडं पडतं. तेव्हा सालीला कुऱ्हाडीने उथळ खाच मारली, की उन्हाने डिंक पाझरतो आणि खाचेवरच वाळून खडा होतो. झाडावर पानं असताना घाई केली तर डिंक पाण्यासारखा येतो आणि झाडाची जखमही नीट भरत नाही. फार थांबलं तर नवी पालवी फुटते आणि हंगाम हातचा जातो. आणि खाच मारल्यावर पाऊस आला तर सगळंच काळं. म्हणजे मधले थोडे दिवस असतात, ते बरोबर धरायचे.

गेल्या वर्षी ते कुणीच धरले नाहीत. पलीकडच्या पाड्याने कुऱ्हाडी काढल्या म्हणून यांनीही काढल्या. शेंड्याला पानं तशीच होती. डिंक थोडा आला, तोही मातकट, आणि काही झाडं वरून वाळली. मग एका व्यापाऱ्याचा माणूस आला. त्याच्याकडे औषधाची सुई होती. झाडाला भोक पाडून टोचायची, की पान असो नसो, डिंक वाहतो. खोऱ्यापलीकडच्या एका गावात टोचली होती. पहिल्या हंगामात पोती भरली, आता तिथली झाडं जळणाला लागलीत. हे सगळ्यांना माहीत होतं. तरी पाड्याच्या बैठकीत अर्धे लोक सुईच्या बाजूने झाले. त्यात रोहिदासही.

तेव्हा दिवालीबाई उठली आणि म्हणाली, "एक साल माले द्या. मी सांगसू तव्हय खाच. डिंक चांगला उना ते हाऊ सुईवाला जंगलमा पाय ठेवाव नही. नही उना ते टोचा."

लोकांनी कबूल केलं. जंगलाचा हक्क गावाच्या नावावर आहे, त्यामुळे बैठकीत ठरेल तेच होणार. बाईने स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

महाशिवरात्रीनंतर मी गेले, तर पाडा धुसफुसत होता. कुऱ्हाडींना धार लावून झाली होती, आणि धार लावलेली कुऱ्हाड घरात नुसती ठेवली की माणसाचा हात खाजवतो. हातपंपावर भिकुबाईने दिवालीबाईला गाठलं. भिकुबाई तिच्याच वयाची, शेजारची, आणि तिचं तोंड कुऱ्हाडीपेक्षा धारदार.

"काय दिवाली, झाडना मुहूर्त निंघना का? का बामनले बलावू?"

"बलाव. तो उना ते तुनं बी लगीन लाई देसू."

रोहिदास मोबाईल घेऊन मागे मागे. "माय, दहा दिवस आभाय मोकळं शे. देख ना, यामा दखाडस."

"त्याले इचार, धावडाना शेंडावर कितला पाने शेतस."

सरिता माझ्या कानात म्हणाली, "ताई, रोज सकाळी आत्याबाई जंगलात जातात, झाडावर हात ठेवतात आणि परत येऊन आमच्यावर ओरडतात. झाड काय सांगतं कोण जाणे, पण रागावून पाठवतं एवढं खरं."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. ती एकेका धावड्याजवळ थांबे, मान वर करून बघे, खोडावर हात ठेवी, पुढे जाई.

मी विचारलं, "काय दिसलं, अक्का?"

"झाड."

मी एवढा चढ चढून आले होते, गुडघे बोलत होते, आणि मला उत्तर मिळालं, झाड.

परतताना वाटेवर शेंदूर लावलेला देवीचा दगड आहे. हंगामातला पहिला खडा तिथे ठेवल्याशिवाय पाड्यावर कुणी डिंक तोंडात टाकत नाही. मी नारळ आणला होता, तो ठेवला, हात जोडले. दिवालीबाईला वाटलं मी डोळे मिटलेत म्हणजे माझे कानही मिटलेत. ती दगडाशी बोलत होती, शेजारणीशी बोलावं तशी. "माय, माले कायज समजत नही. सासू सांगी गयी, वरला झाड देख, बस. पुढलं तिनं सांगं नही नि मी इचारं नही. आते तू तरी सांग. नही ते त्या रोहिदासले तरी अक्कल दे."

तेव्हा मला कळलं, की एवढी चिडचिड कशाची आहे. तिला माहीत नव्हतं. सगळ्या पाड्यासमोर शब्द देऊन बसली होती आणि आत काही ठाव नव्हता. मीही देवीकडे तेच मागितलं. देवी आम्हां दोघींना कंटाळली असेल.

"वरला झाड" म्हणजे वरच्या वस्तीवरचं. तिथे तिचा भाऊ पुन्या राहतो. वर नुसता खडक, त्यामुळे धावडा तिथे आधी उघडा पडतो आणि मग काही दिवसांत खालचा. एवढाच एक धागा सासूने दिलेला. म्हणून तिने पुन्याला बजावलं होतं, की तुझ्याकडची सगळी पानं पडली की फोन कर. फोन रोहिदासचा. आणि पाड्यावर फोनला नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर, तेही मनात असेल तर.

होळीला थोडे दिवस होते तेव्हा सरिताचा निरोप आला: आत्याबाई आज-उद्या सांगतील, या. मी रिकामे डबे घेऊन पोहोचले. अंगणात बसले होते. पुरुष कुऱ्हाडी खांद्याला लावून उगाच येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात टाकीकडून रोहिदास पळत आला.

"माय, मामाना फोन व्हता. पानी पडना म्हने."

दिवालीबाई मटकन खाली बसली. "कितला?"

"ते नही समजनं. फोन कटी गया."

"परत लाव ना."

"लागत नही."

मग उठून म्हणाली, "कोनीज खाच मारू नका. वर पानी पडना शे. आठे बी ई."

मग जो गलका झाला तो काय सांगू. भिकुबाई म्हणाली, "वर पानी पडना नि आठे मना नाकमा धूळ जाई ऱ्हायनी." रोहिदास स्वतःच निरोप आणून स्वतःच वाद घालत होता, की मोबाईलमध्ये ढग नाही. मीसुद्धा न राहवून म्हटलं, "अक्का, डोंगर बघा तरी. आभाळात ठिपका नाही."

"ताई, हाऊ डोंगरना पानी शे. एक खोरामा पडस, बाजूनं खोरं कोरडं ऱ्हास."

"मग आता कधी?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी डबे उचलले. बसमध्ये ते रिकामे डबे अमळनेरपर्यंत एकमेकांवर आपटत राहिले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, कल्हईचं काम करता का?" घरी देवाजवळ दिवा लावताना माझं नामस्मरण कमी आणि तक्रार जास्त झाली.

दोन-तीन दिवस गेले असतील. दुपारी एकाएकी अंधारून आलं, वारा सुटला आणि गारा. आमच्या पत्र्यावर असा आवाज, की शेजारणीचं बोलणं ऐकू येईना. गावाबाहेर गहू झोपला, मका झोपला, वीज गेली. मला पहिल्यांदा शेतकऱ्यांची आठवण यायला हवी होती. मला धावडा आठवला; पाड्यावरही गारांनी झोडपलं, असं मागून कळलं. त्या दिवशी खाच मारली असती तर कोवळा पाझर सगळा वाहून गेला असता आणि खाचांत पाणी भरलं असतं.

होळीच्या बाजाराच्या दिवशी मी पुन्हा पाड्यावर गेले. तिथलं वारंच बदललेलं. ज्या माणसांनी तिला "दिवाली" म्हणून हाक मारली होती ते "अक्का" म्हणत होते. भिकुबाई दारात गूळ ठेवून गेली होती. "दिवालीले देवी सांगस," असं एकजण मला जीपमध्येच म्हणाला. दिवालीबाई मात्र घरात बसलेली, पहिल्यापेक्षा जास्त चिडलेली.

"काय झालं, अक्का? सगळे तर खूश आहेत."

"तेच ते," ती म्हणाली. "झाडकडे कोनी देखत नही. मना तोंडकडे देखतस."

तेवढ्यात पुन्या आला, बाजारासाठी डोंगर उतरून. उंच, वाकलेला माणूस. त्याने "बहीण" म्हटलं नाही, "पानी दे" म्हटलं नाही. खांद्यावरची झोळी अंगणात उलटी केली. काळे, चिकट गोळे, मातीने माखलेले. रस्त्याच्या डांबरासारखे.

"देख. हाऊ मना डिंक."

दिवालीबाई बघतच राहिली. "तू खाच मारी? पानी पडना आसं तूच ते फोनवर सांगं."

"मी कव्हय सांगं? पानी ते नंतर पडना. मी सांगं, पाने पडनात. बठ्ठी पाने पडनात, आते मारा खाच. आम्ही मारी. तुम्ही हात बांधीसन बसनात, नि गावभर सांगतस दिवालीले देवी सांगस."

आता आमच्या बोलीत 'पाने पडनात' म्हणजे पानं गळली, आणि 'पानी पडना' म्हणजे पाऊस पडला. मधे एक मात्रा आणि शेवटी एक 'त'. तेवढंच त्या टाकीवरच्या नेटवर्कने खाल्लं होतं.

सगळ्यांनी रोहिदासकडे पाहिलं. तो म्हणाला, "माले तसंच ऐकू उनं. 'पान' म्हने, मंग नुसती घरघर, मंग 'पडना'. मी काय करू?"

सरिताने पदर तोंडात कोंबला, पण खांदे हलायचे ते हललेच. पुन्या तिच्याकडे बघून आणखी तापला. दिवालीबाई हसली नाही. तिने विचारलं, "झाडे कशी शेतस?"

"खाचमा पानी भरायी गयं. काया पडनात. यंदा काय नही."

ती आत गेली, पाण्याचा तांब्या आणला, भावासमोर ठेवला, आणि मग रोहिदासला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रोहिदासने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माय, जाऊ दे. आपलं ते भलंच व्हयनं. कोनले सांगू नको. लोके तुले मानतस, सुईवाला परत जाई, आनखी काय पाहिजे?"

मला त्याचं पटलं. मी म्हटलं, "अक्का, देवीच्या मनात होतं, म्हणून तसं ऐकू आलं."

तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुनं खरं शे ताई. मंग पुन्याना डिंक काया कराना, हाई बी देवीना मनमा व्हतं का?"

पुन्या समोर बसून पाणी पीत होता. देवावर माझी श्रद्धा आहे, आणि त्या दिवशीही होती, पण त्या माणसासमोर ते वाक्य परत उच्चारायची माझी छाती झाली नाही.

पुढे झाडांची भिजलेली साल वाळायला वेळ गेला. आता वरच्या झाडाचा धागाही तुटला होता, कारण वरची झाडं काळी पडून बसलेली. लोक विचारायचे थांबले होते, नुसते तिच्या तोंडाकडे बघत राहत, आणि ते तिला जास्त झोंबत होतं. मग एका सकाळी ती जंगलातून आली आणि म्हणाली, "सकाय मारा." म्हणजे उद्या.

मी तिथेच होते. "कशावरून ठरवलंत, अक्का?"

"कटाया उना," ती म्हणाली, म्हणजे कंटाळा आला. "झाडे उघडी शेतस, साल कोरडी शे, नि माले तुम्हना तोंडेसना कटाया उना."

डिंक बरा आला. खूप नाही, पण पांढरा, फुटाण्याएवढे स्वच्छ खडे. पहिला खडा देवीपाशी गेला. माझे डबे भरले.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी बैठक झाली. सुईवाला माणूस आलाच होता, औषधाच्या बर्फाच्या पेटीसकट, झाडाखाली खुर्ची टाकून. पण त्याच्याकडे कुणी बघेना. एक म्हातारा म्हणाला, "आते सुई कसाले? दिवालीअक्का शे ना. तिले देवी सांगस." माना हलल्या. विषय संपला होता. रोहिदासने आईचा पदर मागून ओढलेला मला दिसला, म्हणजे उठू नको.

ती उठली.

"माले कोनी काय सांगं नही," ती म्हणाली. "पुन्यानी फोन कया, पाने पडनात. मना पोऱ्याले ऐकू उनं, पानी पडना. म्हनीसन आपला डिंक वाचना नि पुन्याना गया. बरोबर ऐकू येतं ते आपला बी जाता." एवढं बोलून ती खाली बसली. खरं सांगते, मला त्या क्षणी तिचा राग आला. गप्प बसली असती तर काय बिघडत होतं? सगळी धावड्याची झाडं तिने एका वाक्यात परत पणाला लावली.

आणि झालंही तसंच. सुईवाला खुर्चीतून पुढे वाकला. "म्हणजे सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. त्यापेक्षा सुई बरी नाही का? पान नको, पाऊस नको, फोन नको." काही जण हसले. सुईच्या बाजूचे जे गप्प झाले होते ते एकमेकांकडे बघायला लागले.

भिकुबाई म्हणाली, "मंग पुढला साल बी रोहिदासलेच फोन उचलू द्या. त्याना कान पिकना ते बरंच ऱ्हास."

त्यावर सगळेच हसले, रोहिदास सोडून. पण हसून प्रश्न सुटत नव्हता.

मग पुन्या उठला. तो वरच्या वस्तीचा, या बैठकीत त्याचा हक्क नाही, म्हणून तो कडेला उभा होता. त्याने सुईवाल्याला विचारलं, "भाऊ, तुम्ही खोराना पल्याड टोचं, ती झाडे कशी शेतस?"

सुईवाला म्हणाला, "ते गाव वेगळं, तिथे प्रमाण चुकलं."

"मनं बी चुकनं," पुन्या म्हणाला. "मना डिंक गया. पन काल मी देखी उनू, खाचना कडेले नवी साल धरी ऱ्हायनी. पुढला साल परत मारसू. तुम्हनं चुकनं ते काय उरनं?"

सुईवाल्याने पेटीचं झाकण उघडून परत लावलं. म्हाताऱ्याने हात वर करायला सांगितले. सुई नको, असे इतके हात वर झाले, की मोजायची गरज पडली नाही. रोहिदासचाही होता, जरा उशिरा. सुईवाल्याची जीप निघाली तेव्हा पोरं धुळीमागे पळाली.

मग ठरलं, की पुढल्या वर्षी एकट्या दिवालीबाईवर टाकायचं नाही. पाच जण जंगल बघतील, आणि वरच्या वस्तीचा निरोप कुणीतरी पायी जाऊन आणेल, फोनवर नाही. दिवालीबाईच्या तोंडावर मी पहिल्यांदा सुटका बघितली. ती फार वेळ टिकली नाही, कारण ते पाच कोण, यावर लगेच वाजलं. भिकुबाई म्हणे मी पाहिजेच. म्हातारा म्हणे बायकांत एकच. कुणी म्हणे शेंडा बघायचा, कुणी म्हणे बुंधा. पुन्याला घ्यायचं की नाही, तो तर या पाड्याचा नाही. रोहिदास सगळ्यांना शांत करायला गेला, तर त्यालाच कान तपासून यायला सांगितलं.

दिवालीबाईने चष्म्याचा दोरा कानामागे नीट केला आणि उठली.

"चाल ताई," ती मला म्हणाली, "तुनी जीप चुकी जाई. यासनं भांडन आते आखाजी लगून चालई."